खेळांचे गणगोत

संध्याकाळी साखरखेर्ड्यात, किंवा बुलढाणा जिल्ह्यातल्या कुठल्याही मोठ्या गावात, मोबाइल आडवा धरून घोळक्याने बसलेली पोरे दिसतात. एकाच्या फोनवर बीजीएमआय चालू असतो, शेजारच्याच्या फोनवर फ्री फायर मॅक्स. दोन्ही खेळांत आभाळातून उडी घ्यायची, हत्यार शोधायचे आणि आकसत जाणाऱ्या वर्तुळात शेवटपर्यंत टिकून राहायचे. खेळणाऱ्याला हे दोन खेळ सख्खे भाऊ वाटतात. आतली यंत्रणा पाहिली तर मात्र त्यांचे घराणे एक नाही. बीजीएमआय उभा आहे अनरिअल इंजिन ४ वर आणि फ्री फायर युनिटीवर. त्याच युनिटीवर नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीचा लुडो किंगही चालतो. म्हणजे गोळीबाराचा खेळ आणि सोंगट्यांचा खेळ आतून एकमेकांचे नातलग, आणि दिसायला जुळे असलेले दोन खेळ एकमेकांना परके.

इंजिन म्हणजे खेळाचा न दिसणारा भाग. पडद्यावर चित्र कसे उमटवायचे, फेकलेली वस्तू कशी पडेल, उजेड कुठून येईल, बोट लागल्यावर काय घडेल, ही कामे प्रत्येक खेळात असतात. ती दरवेळी नव्याने लिहायची नसतील तर एकदा नीट लिहून पुन्हा पुन्हा वापरावी लागतात. अशा पुन्हा वापरायच्या सामग्रीचा संच म्हणजे गेम इंजिन. त्याच्या पोटात आणखी थर असतात. आवाजाची यंत्रणा वेगळी, टकरीचे गणित वेगळे, चित्रे काढणाऱ्या चिपशी बोलणारा भाग वेगळा. यांतले कितीतरी तुकडे तिसऱ्याच कंपनीने किंवा तिसऱ्याच देशातल्या विद्यापीठाने तयार केलेले असतात. एका खेळाचे खरे गणगोत मांडायला बसलो तर कागद पुरत नाही, आणि खेळ लाखोंच्या संख्येने आहेत.

हे नाते मांडण्याची आजची सगळ्यात मोठी सामाईक जागा म्हणजे विकिडेटा. विकिमीडिया चळवळीच्या जर्मन शाखेने २९ ऑक्टोबर २०१२ रोजी ती सुरू केली. विकिपीडियात लेख असतात, विकिडेटात वाक्यांऐवजी संबंध नोंदवले जातात. तिथे दहा कोटींहून अधिक नोंदी आहेत, त्या कोणालाही वाचता येतात, वापरता येतात आणि दुरुस्तही करता येतात. व्हिडिओ गेमच्या नोंदींवर काम करणारा स्वयंसेवकांचा एक स्वतंत्र गटच तिथे आहे. अशा मांडणीला नॉलेज ग्राफ म्हणतात. आपण त्याला ज्ञानाचे जाळे म्हणू. जाळ्यात ठिपके असतात आणि ठिपक्यांना जोडणाऱ्या रेघा असतात. ठिपका म्हणजे एखादी वस्तू, व्यक्ती, गाव, खेळ किंवा तंत्र. रेघ म्हणजे त्यांच्यातले नाते, आणि प्रत्येक रेघेला नाव असते. ‘लुडो किंग’, ‘इंजिन’, ‘युनिटी’: या तीन शब्दांचे एक विधान झाले. ‘लुडो किंग’, ‘कशावर आधारित’, ‘लुडो’: हे दुसरे. ‘लुडो’, ‘कशावर आधारित’, ‘पचीसी’: हे तिसरे. तीन विधाने जोडली की २०१६ सालचा मोबाइलवरचा खेळ, १८९६ साली इंग्लंडमध्ये पेटंट घेतलेला पट आणि त्याआधी शेकडो वर्षे आपल्याकडे कापडी पटावर खेळला जाणारा डाव एका ओळीत येतात. कोणी लेख लिहून ही ओळ जुळवलेली नाही. तीन वेगवेगळ्या माणसांनी तीन वेगळ्या वेळी तीन रेघा मारल्या तरी ती जुळते. या पद्धतीचा खरा जोर मला इथे दिसतो.

शेतकऱ्याच्या घरात ही गोष्ट चटकन कळेल, कारण सातबारा असाच चालतो. जमिनीला गट क्रमांक असतो. शेताला घरात कोणी ‘विहिरीकडचे’ म्हणो की ‘खालचे’, क्रमांक बदलत नाही. मालकाचे नाव, पीक, बोजा हे सगळे त्या क्रमांकाशी बांधलेले असते, आणि प्रत्येक बदलापाशी फेरफार क्रमांक असतो, म्हणजे हा बदल कशाच्या आधारे झाला ते मागे जाऊन पाहता येते. विकिडेटातही प्रत्येक ठिपक्याला न बदलणारा क्रमांक असतो, प्रत्येक विधानाला संदर्भ जोडायचा असतो, आणि कोणी केव्हा काय बदलले याची नोंद कायम राहते.

क्रमांकाचे महत्त्व साखरखेर्ड्याच्याच उदाहरणाने सांगता येईल. सिंदखेडराजा तालुक्यातल्या या गावाच्या परिसरात १७२४ साली निजाम-उल-मुल्क आणि हैदराबादचा सुभेदार मुबारिझ खान यांच्यात लढाई झाली. मुबारिझ खान पडला, दख्खन निजामाच्या हाती आली आणि १९४८ पर्यंत टिकलेल्या आसफजाही सत्तेचा पाया इथे घातला गेला. विजयानंतर गावाला फत्तेखेर्डा हे नाव दिले गेले. कागदपत्रांत शकरखेडा आणि शक्करखेर्डा अशीही रूपे सापडतात. नुसत्या नावावरून शोधणाऱ्या यंत्राला ही चार गावे वाटतील. जाळ्यात मात्र एकच ठिपका असतो आणि चारही नावे त्याला लटकलेली असतात. तारखेचेही तसेच आहे. काही ठिकाणी ११ ऑक्टोबर दिसते, काही ठिकाणी ३० सप्टेंबर, कारण त्या काळात जुन्या आणि नव्या युरोपीय दिनदर्शिकेत ११ दिवसांचे अंतर होते. विश्वकोशाच्या संपादकाला दोहोंतली एक तारीख छापावी लागते. विकिडेटात दोन्ही राहू शकतात, प्रत्येकीसोबत कोणती दिनदर्शिका आणि कोणता ग्रंथ हे लिहून. मतभेद पुसून न टाकता नोंदवणारी ही रचना मला छापील कोशांच्या पुढची पायरी वाटते.

आता या ठिपक्यावरून खेळांकडे जाऊन पाहा. साखरखेर्ड्याची लढाई, तिथून निजाम-उल-मुल्क, तिथून मोगल साम्राज्य, तिथून ‘एम्पायर: टोटल वॉर’. २००९ साली आलेल्या या खेळाची मोहीम १७०० साली सुरू होते. त्यात हिंदुस्थान हे एक स्वतंत्र रणक्षेत्र आहे आणि मराठ्यांच्या बाजूने खेळता येते. खेळापासून पुढची रेघ क्रिएटिव्ह असेंब्ली या ब्रिटिश कंपनीकडे आणि तिच्या वॉरस्केप इंजिनाकडे जाते. हजारो सैनिक एकाच वेळी मैदानात चालताना दाखवणे हे त्या इंजिनाचे काम. दुसरी वाट ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ कडे जाते. तो खेळ १४४४ ते १८२१ हा काळ व्यापतो, स्वीडनच्या पॅराडॉक्स कंपनीचा आहे आणि क्लाउझविट्झ नावाच्या इंजिनावर चालतो. त्यात सैनिक चालताना दाखवण्यापेक्षा शेकडो राज्यांचे महसूल, वारसा आणि तह यांचा हिशोब दिवसागणिक सांभाळायचा असतो. एकाच शतकाच्या इतिहासासाठी दोन इतकी वेगळी यंत्रे का लागली, हा प्रश्न दोन्ही रेघा शेजारी दिसल्या की आपोआप पडतो.

गंमत अशी की जाळ्याचे गणितही त्याच काळातले. साखरखेर्ड्याच्या लढाईनंतर अकरा वर्षांनी, १७३५ साली, लेओनार्ड ऑइलर याने सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीपुढे क्योनिग्सबर्ग शहराच्या सात पुलांचा प्रश्न मांडला. प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सगळे शहर फिरता येईल का? ऑइलरने रस्ते, घरे, अंतरे सगळे बाजूला सारले. जमिनीचे तुकडे म्हणजे ठिपके, पूल म्हणजे रेघा, आणि एवढ्यावरून त्याने सिद्ध केले की तसे फिरता येणार नाही. ग्राफ सिद्धांताची सुरुवात तिथून मोजतात.

ठिपके आणि रेघा खेळाच्या आतही असतात. बीजीएमआयसारख्या खेळात संगणकाने चालवलेले पात्र भिंतीला वळसा घालून नेमके आपल्याकडे कसे येते? मैदानाचे तुकडे ठिपके मानायचे, जिथून जिथे जाता येते तिथे रेघ मारायची आणि सगळ्यात स्वस्त वाट शोधायची. त्यासाठी सर्रास वापरली जाणारी पद्धत ‘ए-स्टार’ म्हणून ओळखली जाते. पीटर हार्ट, निल्स निल्सन आणि बर्ट्राम रॅफेल यांनी ती १९६८ साली प्रसिद्ध केली. ती त्यांनी खेळासाठी तयार केली नव्हती, स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत शेकी नावाचा एक यंत्रमानव खोल्यांतून वाट काढत फिरावा म्हणून तयार केली होती. खेळांच्या तंत्रांचा नकाशा काढणाऱ्याने खेळांपाशीच थांबून चालत नाही ते यामुळे. डोंगर-दऱ्या आपोआप तयार करायला माइनक्राफ्टसारखे खेळ ज्या गणिताचा आधार घेतात, त्यातला मोठा वाटा केन पर्लिन यांचा. ‘ट्रॉन’ या १९८२ च्या चित्रपटावर काम करताना संगणकी चित्रांचा गुळगुळीतपणा खटकला म्हणून त्यांनी ते शोधले, आणि त्याबद्दल पुढे त्यांना ऑस्कर अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. खेळ, चित्रपट आणि यंत्रमानव यांना वेगळ्या खणांत ठेवणाऱ्या सूचीत ही नाती कधीच दिसली नसती.

इंजिनांची वंशावळही अशीच उलगडते. दोन हजारच्या दशकात महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावांतही सायबर कॅफे आले आणि तिथे दोन खेळ घराघरांतल्या मुलांनी खेळले: काउंटर-स्ट्राइक आणि व्हाइस सिटी. काउंटर-स्ट्राइक गोल्डसोर्स इंजिनावर चालायचा. गोल्डसोर्स हे आयडी सॉफ्टवेअरच्या १९९६ सालच्या क्वेक इंजिनातून निघाले. त्याच घराण्याच्या पुढच्या पिढीतल्या क्वेक ३ च्या इंजिनावर २००३ चा पहिला कॉल ऑफ ड्यूटी बांधला गेला. म्हणजे एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या दोन प्रचंड खेळांची आजी एकच. व्हाइस सिटीची गोष्ट वेगळी. ती रेंडरवेअर या ब्रिटिश सामग्रीवर बनली होती. २००४ साली इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या प्रतिस्पर्धी कंपनीने रेंडरवेअर बनवणाऱ्या क्रायटेरिअनलाच विकत घेतले. व्हाइस सिटी काढणाऱ्या रॉकस्टारने पुढे स्वतःचे रेज इंजिन उभे केले, त्यावर २००६ साली आधी टेबल टेनिसचा एक खेळ काढला आणि मग २००८ साली व्हाइस सिटीच्याच मालिकेतला जीटीए ४. नुसती खेळांची यादी वाचली तर मधेच टेबल टेनिस कुठून आले ते कळत नाही. मालकीच्या रेघा काढल्या की कारण दिसते.

मालकी न बदलता मालकाने नुसत्या अटी बदलल्या तरी तंत्र बदलण्याची वेळ येते, हे २०२३ मध्ये सगळ्या जगाने अनुभवले. १२ सप्टेंबर २०२३ रोजी युनिटी कंपनीने जाहीर केले की ठराविक मर्यादेपुढे गेलेल्या खेळाच्या प्रत्येक नव्या इन्स्टॉलमागे शुल्क द्यावे लागेल. फुकट खेळ देऊन जाहिरातींवर चालणाऱ्या मोबाइल कंपन्यांचे धाबे दणाणले. भारतातले बहुतेक मोबाइल खेळ याच वर्गातले. विरोध इतका झाला की कंपनीने आधी अटी सैल केल्या आणि वर्षभराने, सप्टेंबर २०२४ मध्ये, ते शुल्क रद्दच केले. दरम्यान अनेकांनी गोडो या मुक्त इंजिनाकडे पाहायला सुरुवात केली. अर्जेंटिनात जन्मलेले हे इंजिन २०१४ पासून सगळ्यांसाठी खुले आहे. अशा वेळी धोरण ठरवणाऱ्याला एक साधा प्रश्न पडतो: महाराष्ट्रातले किती खेळ युनिटीवर आहेत, आणि त्यांतले कोणते फुकट मिळतात? विकिडेटाच्या प्रश्नसेवेत हा प्रश्न विचारता येतो. ती सेवा २०१५ पासून सुरू आहे आणि स्पार्कल नावाच्या भाषेत चालते. ‘अमुक इंजिनावरचे, ज्यांच्या निर्मात्याचे मुख्यालय तमुक जिल्ह्यात आहे, असे खेळ दे’ एवढेच सांगायचे. उत्तर तक्त्यात मिळते, नकाशावर मिळते किंवा ठिपक्या-रेघांच्या चित्रातही मिळते.

त्या चित्राबद्दल थोडे सांगायला हवे, कारण सगळ्यात आधी डोळा तिथेच जातो. संगणक ठिपके मनाला येईल तसे मांडत नाही. प्रत्येक ठिपका इतरांना दूर ढकलतो आणि प्रत्येक रेघ आपली दोन टोके जवळ ओढते असे गणित मांडून, ओढाताण शांत होईपर्यंत सगळे सरकवले जाते. मग ज्यांच्यात नाती दाट आहेत ते ठिपके आपोआप एका गुच्छात येतात. शंभर खेळांपर्यंत हे चित्र सुंदर बोलते. दहा हजार खेळ टाकले की पडदाभर नुसता केसांचा गुंता होतो आणि काहीच वाचता येत नाही. म्हणून चांगला नकाशाकार आधी प्रश्न ठरवतो आणि त्या प्रश्नापुरत्याच रेघा दाखवतो. सगळे दाखवण्याचा हट्ट धरणाऱ्या चित्रांवर माझा विश्वास नाही.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी: ॲन एन्शन्ट एपिक’ हा खेळ या जाळ्यात नीट बसलेला दिसतो. तो अनरिअल इंजिन ४ वर बनला. २०१७ मध्ये लोकवर्गणीची मोहीम अपुरी पडूनही त्याचे काम थांबले नाही, आणि १८ ऑगस्ट २०२० रोजी तो निन्टेन्डो स्विचवर आला, मग ऑक्टोबरात इतर यंत्रांवर. दुर्गा आणि विष्णू यांच्या साथीने असुरांशी लढणाऱ्या मुलीची ही कथा आहे. चित्रशैलीवर पहाडी लघुचित्रांची छाप, इमारतींवर राजस्थानची, आणि कथनात बालीच्या छायाबाहुल्यांची. त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या उत्कृष्ट खेळासाठी त्याला नामांकनही मिळाले. एका पुणेरी खेळापासून कांगड्याच्या पहाडी चित्रकारांपर्यंत, बालीपर्यंत आणि एपिक कंपनीच्या १९९८ सालच्या मूळ ‘अनरिअल’पर्यंत रेघा जातात. पण त्या जातात कारण जगभरच्या नियतकालिकांनी राजीबद्दल लिहिले. विकिडेटात विधानाला आधार लागतो, आणि आधार म्हणजे कुठेतरी प्रसिद्ध झालेला मजकूर. ज्या खेळाबद्दल कोणी लिहिले नाही, त्याचा ठिपका असला तरी एकटा उभा राहतो.

मराठी वाचकाला मी जे आवर्जून सांगू इच्छितो ते इथे आहे. जाळ्यातली पोकळी बहुधा लिखाणातली पोकळी असते. पुण्या-मुंबईत कित्येक वर्षे खेळ बनत आहेत. त्यांची इंजिने, त्यांनी स्वतः लिहिलेली साधने, देवनागरी अक्षरे पडद्यावर नीट उमटावीत म्हणून कोणी काय खटपट केली, यातले फार थोडे कागदावर आले. एखाद्या मराठी दैनिकाने किंवा मासिकाने खेळ बनवणाऱ्याची तपशीलवार मुलाखत छापली तर ती मुलाखत संदर्भ म्हणून चालते. विकिडेटाला संदर्भाच्या भाषेची अट नाही. मराठीत लिहिलेले एक वाक्य जपानी आणि पोर्तुगीज वाचकापर्यंत रेघ बनून पोहोचते.

मिळून कोश रचणे मराठीला नवे नाही. अमरावतीत शिकलेल्या श्रीधर व्यंकटेश केतकरांनी १९२० च्या दशकात महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड अनेक सहकाऱ्यांना हाताशी धरून पुरे केले, त्यासाठी भागधारकांची कंपनी उभारून. नंतर वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी विश्वकोशासाठी विषयवार तज्ज्ञ जोडले. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे. फरक एवढाच की केतकरांच्या लेखकाला पूर्ण लेख लिहावा लागे. विकिडेटात एक रेघ मारली तरी ते पूर्ण योगदान ठरते, आणि ते काम फोनवरूनही होते. खेळ सुरू होताना इंजिनाचे चिन्ह झळकते, शेवटी श्रेयनामावली येते. पोरे दोन्ही रोज पाहतात आणि घाईने पुढे सरकवतात. तिथे दिसलेले नाव नोंदवायला अभियंता असावे लागत नाही.

सगळ्यात निकडीचे काम जुन्या खेळांचे आहे. ३१ डिसेंबर २०२० रोजी ॲडोबीने फ्लॅशचा आधार काढून घेतला आणि झपाकसारख्या भारतीय संकेतस्थळांवर एका पिढीने खेळलेले ब्राउझरमधले खेळ चालेनासे झाले. त्याहून विस्मरणात गेले ते बटणाच्या फोनवरचे जावा खेळ. विशाल गोंडल यांनी १९९९ साली मुंबईत सुरू केलेल्या इंडियागेम्सने असे क्रिकेटचे आणि चित्रपटांवरचे कितीतरी खेळ काढले. ते मेमरी कार्डावरून आणि ब्लूटूथने गावोगाव पसरले. त्यांच्याबद्दल छापील मजकूर फारसा नाही, पण खेळाची फाइल स्वतःच पुरावा आहे. अशा प्रत्येक जार फाइलच्या पोटात मॅनिफेस्ट नावाची छोटी मजकूर-फाइल असते आणि तिच्यात खेळाचे नाव, आवृत्ती आणि बनवणाऱ्या कंपनीचे नाव साध्या अक्षरांत लिहिलेले असते. घरातल्या कपाटात पडलेला जुना नोकिया सुरू होत असेल, किंवा त्यातले कार्ड संगणकाला लागत असेल, तर ती फाइल आजही उघडून वाचता येते.